विजेच्या दराला पंच आहे, श्वासाला नाही

चंद्रपूरच्या धुराचा विषय निघाला की आपण सगळे ठरलेलं वाक्य टाकतो : प्रदूषण नियंत्रण मंडळ झोपलंय. मला हे पटत नाही. मंडळ झोपलेलं नाही, बांधलेलं आहे. आणि बांधलंय कायद्यानेच.

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. ते चालवते महानिर्मिती, म्हणजे राज्य सरकारची कंपनी. तिच्या धुरावर नजर ठेवायची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. तेही राज्य सरकारचंच. २००९ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. या यादीत वर असणं म्हणजे नापास होणं.

आता १९७४चा जल कायदा मोबाइलवर उघडा. हवेचं कामही याच कायद्याने बनलेल्या मंडळाकडे असतं. कलम ४ वाचा : अध्यक्ष आणि सदस्य नेमणार राज्य सरकार. त्यातल्या दोन जागा सरकारी कंपन्यांच्या प्रतिनिधींना. कलम १८ वाचा : राज्य सरकारचे लेखी निर्देश मंडळावर बंधनकारक. म्हणजे ज्याची चिमणी, त्याचाच पंच. आणि वर पंचाने मालकाचं ऐकायचं.

‘मंडळ नोटिसा देतं की!’ देतं. पण सरकारी कंपनीला दंड केला तर पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. त्याची धास्ती कोणाला?

याच देशाला स्वतंत्र पंच नेमता येतो. २००३च्या वीज कायद्यात दर ठरवायला राज्य आयोग आहे. त्याच्या सदस्यांची नावं सुचवणाऱ्या समितीवर अध्यक्ष असतो उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश. सदस्याची मुदत पाच वर्षं, त्याच पदावर फेरनेमणूक नाही. म्हणजे पुढच्या खुर्चीसाठी कोणाची मर्जी राखायची गरज कमी. युनिटमागे चार पैसे वाढवायचे तरी आयोगापुढे सुनावणी होते. तो आयोग निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण निदान तो मालकापासून चार पावलं लांब उभा आहे.

मग हवेला वेगळा न्याय का? मंडळाचा अध्यक्षही अशाच समितीने निवडावा. सरकारी कंपन्यांच्या त्या दोन जागा रद्द कराव्यात. आणि सरकारी वीज केंद्रांच्या बाबतीत कलम १८मधला राज्य सरकारचा हुकूम चालू नये.

तोवर मंडळाला शिव्या घालून भागणार नाही. आमदार मत मागायला आले की त्यांना विचारा : कलम १८ वाचलंय का?