निकाल देण्याआधी जरा थांबा

इराणी, जपानी, कोरियन चित्रपट पाहायचे तर पूर्वी मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचं सभासद व्हावं लागे, नाहीतर महोत्सवाच्या रांगेत उभं राहावं लागे. आता ते घरात आलेत. जेवणं आटोपल्यावर डोंबिवलीच्या नाहीतर सांगलीच्या हॉलमध्ये बसून माणसं तेहरानमधल्या नवरा-बायकोचं भांडण बघतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रपट संपल्यावर जे बोलणं होतं, ते ऐकून हळहळ वाटते. "बाईचंच चुकलं." "पोरं नालायक निघाली." "नवरा हेकट आहे." आणि मग, "संथ आहे हो फार." दोन तास एका घरात राहून यायचं आणि येताना फक्त एक निकाल घेऊन यायचा, हे बरं नाही. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, की चूक कोणाची हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याऐवजी त्या घरात बाहेरून आलेलं माणूस कोण आहे ते शोधा, आणि ते घर त्याच्या जागेवरून बघा.

असगर फरहादीचा 'अ सेपरेशन' (2011) घ्या. त्याला बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला, पुढे ऑस्करही. पहिल्याच दृश्यात सिमिन आणि नादेर न्यायाधीशासमोर बसलेत. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा येतो. दोघंही सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघून बोलतात. सिमिनला मुलीला घेऊन देश सोडायचाय. नादेरच्या वडिलांना अल्झायमर झालाय आणि त्यांना टाकून तो जाणार नाही. सिमिन म्हणते, तू मुलगा आहेस हेसुद्धा त्यांना कळत नाही. तो म्हणतो, ते माझे वडील आहेत हे मला कळतं. इथे प्रेक्षक दोन गटांत विभागले जातात आणि बरेच जण शेवटपर्यंत आपला गट सोडत नाहीत. फरहादीने न्यायाधीशाच्या खुर्चीत आपल्याला बसवलंय खरं, पण ती खुर्ची किती अपुरी आहे हे दाखवायला.

कारण खरा चित्रपट सुरू होतो तो रझिये त्या घरात पाऊल टाकते तेव्हा. सिमिन माहेरी गेल्यावर म्हाताऱ्याला सांभाळायला ठेवलेली ही बाई. लांबून बसने येते, सोबत लहान मुलगी, पोटात दुसरं मूल. नवऱ्याचं काम गेलंय, देणेकरी मागे लागलेत, आणि ती कामावर जाते हे नवऱ्याला ठाऊक नाही. म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात तेव्हा परपुरुषाला हात लावणं पाप तर नाही ना, हे ती फोन करून धर्माच्या जाणकाराला विचारते. हे दृश्य पाहताना हसणारे मी पाहिलेत. कृपा करून हसू नका. त्या बाईजवळ पैसा नाही, सुरक्षितता नाही. तिच्याजवळ श्रद्धा आहे आणि पुढे सगळी गोष्ट त्या श्रद्धेपाशी येऊन अडते. एके दिवशी नादेर घरी येतो तर वडील पलंगावरून खाली पडलेले, हात पलंगाला बांधलेला, आणि रझिये घरात नाही. ती परतल्यावर तो रागाने तिला दाराबाहेर ढकलतो. तिचं मूल जातं. खटला उभा राहतो.

आता यात गुन्हेगार कोण, यावर तावातावाने वाद घालता येतो आणि लोक घालतातही. मी तुम्हाला दुसरं काहीतरी करून बघायला सांगते. प्रत्येकाला काय वाचवायचं होतं ते बघा. नादेरला वडील आणि स्वतःचा ताठ कणा. सिमिनला मुलीचं पुढचं आयुष्य. रझियेला ईमान. तिच्या नवऱ्याला उरलीसुरली अब्रू. आणि अकरा वर्षांच्या तेरमेला आई आणि बाप, दोघंही. मग लक्षात येतं की प्रत्येक जण खोटं बोलतो किंवा काहीतरी लपवतो ते त्या वाचवण्यापायी. रझिये काय लपवते ते मी इथे सांगणार नाही, पाहिला नसेल तर ते तिच्या तोंडूनच कळू दे. शेवटी तेरमेला विचारलं जातं की तू कोणाकडे राहणार. आईबाप कोर्टाच्या बोळात काचेच्या दाराच्या दोन बाजूंना थांबलेत आणि चित्रपट संपतो. "पण मुलगी गेली कोणाकडे?" हा प्रश्न हमखास येतो, आणि लोक लगेच मोबाइलवर उत्तर शोधायला लागतात. शोधू नका. उत्तर मिळालं असतं तर आईला किंवा बापाला जिंकवून आपण मोकळे झालो असतो. त्या मुलीला जे वाहायचंय, त्यातलं थोडं आपल्याकडेही राहू दे.

यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (1953) पाहतानाही आपली अशीच घाई होते, आणि तिला कारण आहे. 'नटसम्राट' आणि 'बागबान' आपल्या अंगात मुरलेत. म्हातारे आईवडील मुलांकडे गेले आणि मुलांना ते नकोसे झाले, इतकं दिसलं की पुढचं सगळं आपण मनात आधीच लिहून टाकतो. ओनोमिचीहून आलेलं हे जोडपंही मुलांना अडचणीचंच होतं. पण नीट बघा. थोरला मुलगा डॉक्टर आहे. रविवारी आईवडिलांना फिरवायला निघणार, तेवढ्यात एक मूल आजारी असल्याचा निरोप येतो आणि त्याला जावं लागतं. मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. ती कंजूष आहे, तोंडाने तिखट आहे, आलेल्या बाईला सांगते की हे गावाकडचे ओळखीचे लोक आहेत. आईच्या अंत्यसंस्कारानंतर तिचे अमुक कपडे मला हवेत म्हणून मागते. मला तिचा राग येतो, तुम्हालाही येईल, येऊ द्या. पण ती राक्षसीण नाही. शहरात हातावर पोट असलेल्या, वेळ पुरत नसलेल्या हजारो मुलींसारखी ती आहे.

इथलं बाहेरचं माणूस म्हणजे नोरिको, युद्धात मेलेल्या मुलाची बायको. सेत्सुको हाराने ही भूमिका केली आहे. रक्ताचं नातं नाही, नवराही नाही, तरी सासू-सासऱ्यांना टोकियो दाखवायला तीच रजा घेते. तिच्या एका खोलीत पाहुणचाराला काही नाही, म्हणून शेजारणीकडून साके आणि पेले उसने आणते. प्रेक्षक म्हणतात, "सून असावी तर अशी." पण एवढं म्हणून थांबलात तर नोरिको हातची गेली. शेवटी सासरा तिचं कौतुक करतो तेव्हा ती ते घ्यायला तयार नसते. मी तुम्हाला वाटते तेवढी चांगली नाही, असं सांगते. नवऱ्याची आठवणही न येता दिवस जातात आणि मन कशाची तरी वाट बघत राहतं, हे ती कबूल करते. तिला देवघरात बसवून आपण तिच्या एकटेपणातून सुटका करून घेतो. चांगल्या सुनेची, चांगल्या विधवेची ही मखरं आपल्याकडे फार जुनी आहेत, आणि त्यात बसवलेल्या बायकांना काय वाटतं हे विचारायची पद्धत नाही.

ओझूचा कॅमेरा बहुतेक वेळा जमिनीलगत असतो. पंगतीत पाटावर बसलेल्या माणसाला घर जसं दिसतं, तसं ते दिसतं. मधूनच तो धुराडी, वाळत घातलेले कपडे, जाणारी रेल्वे दाखवतो. लोक तिथेच मोबाइल उघडतात. त्याऐवजी मागच्या दृश्यात कोण काय बोललं ते आठवा. दिग्दर्शकाने ती जागा त्यासाठीच ठेवली आहे. आणि चित्रपट दीडपट वेगाने पळवू नका. हल्ली हे बरेच जण करतात. ज्या गोष्टीत माणसं बोलता बोलता थांबतात आणि त्या थांबण्यातच सगळं असतं, तिथे वेग वाढवला की नेमकं तेच कापलं जातं.

संथपणाइतकीच तक्रार सबटायटल्सची असते. बहुतेक वेळा ती इंग्रजी असतात आणि घरातल्या आजीला, कधी आईलाही, ती झेपत नाहीत. मग त्या उठून आत जातात. त्यांना आत जाऊ देऊ नका. एकाने शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत राहायचं. प्रत्येक वाक्य सांगावं लागत नाही. जपानी सासूने सुनेकडे कसं बघितलं हे आजीला तुमच्या आधी कळतं, आणि ती जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

हिरोकाझू कोरे-एडाचा 'स्टिल वॉकिंग' (2008) तर आजीबरोबरच पाहावा. थोरला मुलगा एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना गेला, त्याच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलेत. आई स्वयंपाकघरात मक्याच्या दाण्यांची भजी तळतेय, लेकीशी गप्पा चालल्यात. किरिन किकीने ही आई अशी केली आहे की ती आपलीच कुणीतरी वाटते. वाचलेला पोरगा, योशिओ, आता मोठा झालाय. घामाघूम, लठ्ठ, धड नोकरी नसलेला. दर वर्षी त्याला बोलावतात. त्याची अवस्था बघून धाकटा मुलगा आईला म्हणतो, आता पुरे, त्याला बोलवू नकोस. आणि ती शांतपणे सांगते की तो अस्वस्थ व्हावा म्हणूनच ती त्याला बोलावते. राग काढायला कुणी नसणं हे तिला जास्त जड जातं. या वाक्यावर खोलीतली हवा बदलते. "बाई गं, किती दुष्ट!" असं कुणीतरी म्हणतंच. जी आई तासभर आवडली, तिला एका वाक्यासाठी नावडती करू नका. आणि योशिओला विसरू नका. जिवंत राहिल्याबद्दल दर वर्षी हजेरी द्यायला लागणाऱ्या त्या पोराच्या बाजूने चित्रपटात फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही बोला.

आता जो चित्रपट आपल्या सगळ्यात जवळचा आहे, त्याकडे येते. सिंगापूरच्या अँथनी चेनचा 'इलो इलो' (2013), कानमध्ये कॅमेरा द'ओर मिळालेला. काळ 1997 च्या आशियाई आर्थिक संकटाचा. फिलिपिन्सहून टेरी घरकामाला येते, आणि मालकीण तिचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेते. टेरीने आपलं तान्हं मूल बहिणीजवळ ठेवलंय आणि इथे ती दुसऱ्याचा हट्टी मुलगा सांभाळते. तो आधी तिला छळतो, मग तिला बिलगतो. आईला ते बघवत नाही. प्रेक्षकांचं सगळं प्रेम टेरीला आणि सगळा राग त्या आईला मिळतो. पण ती आई गरोदर आहे, नोकरीवर आहे, आणि ऑफिसात इतरांना कामावरून काढल्याची पत्रं टाइप करणं हे तिचं काम आहे. नवऱ्याची नोकरी गेलीय आणि त्याने ते तिच्यापासून लपवलंय. टेरीची बाजू घेताना या बाईला खाली ढकलावं लागत नाही.

हा चित्रपट चेनच्या स्वतःच्या लहानपणावर बेतलेला आहे. त्याच्या घरी फिलिपिन्सच्या इलोइलोहून आलेली बाई होती. चित्रपट गाजल्यावर तो तिला शोधून, फिलिपिन्सला जाऊन भेटला.

आपल्यातल्या किती जणांना लहानपणी सांभाळणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव ठाऊक आहे? त्यांचं गाव? आपल्याकडे येताना त्यांची मुलं कोणाजवळ असायची? पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत अजून मावशींचा चहाचा कप वेगळा असतो आणि तो ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो. 'इलो इलो' पाहून डोळे पुसलेत तर दुसऱ्या दिवशी तो कप बदला. त्यांचा महिना वेळेवर द्या, सुटी मागितली तर तोंड वाकडं करू नका, आणि त्यांच्या मुलांची नावं विचारून लक्षात ठेवा. सिंगापूरच्या बाईला पासपोर्टवरून नावं ठेवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण आपल्या हातातलं आहे.

हे सगळं परक्या भाषेतच आहे असं समजू नका. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' मराठी आहे आणि 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई, आणि त्याला पुरुष आवडतात. इथे घरातला मुलगाच बाहेरचा आहे. थेट प्रश्न करणाऱ्या नातेवाइकांत आपण आहोत का, हे प्रामाणिकपणे बघा. लग्न न केलेल्या भाच्या-पुतण्यांना प्रत्येक कार्यात गाठून आपण काय विचारतो ते आठवा, आणि पुढच्या कार्यात ते विचारू नका.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी 'इलो इलो' सांगते. तो दीड तासाच्या आसपासचा आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसूनही पाहता येतो, फक्त शेजारच्या इमारतीवरून कुणी जीव देतं ते दृश्य आधी सांगून ठेवा. मग 'स्टिल वॉकिंग'. 'अ सेपरेशन' नवरा-बायकोने एकत्र पाहावा, पण घरात ताजं भांडण चालू असताना नको. 'टोकियो स्टोरी' सव्वादोन तासांचा आहे, त्याला सुटीची दुपार द्या. कोरे-एडाचाच 'नोबडी नोज' (2004) मात्र शेवटी ठेवा आणि रात्री एकट्याने लावू नका. आईने सोडून दिलेल्या चार भावंडांची ती गोष्ट टोकियोत 1988 मध्ये उघडकीला आलेल्या खऱ्या घटनेवरून घेतली आहे. सगळा राग आईवर निघेल. तो निघून गेला की पुन्हा एकदा पाहा, आणि या वेळी शेजारी, घरमालकीण, दुकानदार यांच्यावर नजर ठेवा.