सातारा, सांगली आणि पृथ्वीचा परीघ

२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास साताऱ्यातील एखाद्या शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. तिची सावली साधारण ८७ सेंटीमीटर भरते. त्याच दुपारी सांगलीत तेवढ्याच काठीची सावली ८५ सेंटीमीटरच्या आत-बाहेर असते. हा दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतो. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत सुमारे ०.८३ अंशाचे अंतर आहे आणि उत्तर-दक्षिण मोजले तर ती सुमारे ९२ किलोमीटर दूर आहेत. सावलीवरून सूर्याचा कोन काढायला लागणारी त्रिकोणमिती नववीच्या गणितात आहेच. पुढचे त्रैराशिक त्याहून सोपे: ०.८३ अंशाला ९२ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येते. तोच पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने इजिप्तमध्ये याच रीतीने तो काढला होता. आमची मागणी अशी की सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी हा प्रयोग दरवर्षी एकत्र करावा. निवडक शाळांनी नव्हे, सगळ्या शाळांनी.

मुलांना अवकाशाची गोडी लावण्याची इच्छा आज सर्वत्र आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि पुढच्या वर्षापासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. इस्रोने नववीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून ‘युविका’ उपक्रम चालवला आहे. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या साहाय्याने परीक्षा घेऊन ग्रामीण शाळांतील मुले इस्रो आणि नासाच्या भेटीसाठी निवडली. ज्यांना हे मिळाले त्यांच्या आयुष्याला त्याने वळण लागू शकते, आणि अशा भेटी व्हायलाच हव्यात. पण विमानात बसणारी मुले मोजकी असतात; वर्गातली बाकीची मुले फोटो पाहतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे यान येते. ते बहुतेक वेळा वडिलांनी कापलेले आणि आईने रंगवलेले असते. त्यातून मुलाच्या हाताला काय कळले, हे कुणी विचारत नाही.

हाताने करून शिकण्याची रीत या दोन जिल्ह्यांना नवी नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या कारखान्याचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेमागे पैशांची गरज होती, तशी हातांना काम मिळाल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही ही खात्रीही होती. कर्मवीरांच्या जिल्ह्यात विज्ञान फळ्यावरून वहीत उतरवून घेतले जावे, हे आम्हाला सहन होत नाही.

आकाशानेही या परिसराला भरभरून दिले आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली जमखंडीवरून गेली. सांगलीसारखेच पटवर्धनांचे असलेले हे संस्थान आता कर्नाटकात आहे. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तिथे वर्णपटदर्शक रोखून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला तपासल्या. त्या तप्त वायूच्या आहेत हे त्या ग्रहणाने सिद्ध झाले, आणि पुढे हेलियमची म्हणून ओळखली गेलेली पिवळी रेषाही त्याच निरीक्षणांतून हाती लागली. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ ला, चंद्राची सावली विजयदुर्गकडून कराड परिसरावरून सोलापूरकडे सरकली. ते पाहायला विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते, तर करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक नायगमवाला. जो वर्णपटदर्शक घेऊन हे लोक दूरदूरहून आले, त्याची साधी आवृत्ती आज आठवीतली मुलगी पुठ्ठ्याचा खोका, ब्लेडने पाडलेली फट आणि जुन्या सीडीचा तुकडा यांतून तासाभरात करू शकते. खोक्यातून जुनी, एलईडी नसलेली ट्यूबलाइट पाहिली की सुटे ठळक पट्टे दिसतात आणि जुना पिवळा बल्ब पाहिला की अखंड रंगपट्टा. तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कसे कळले, याचे अर्धे उत्तर त्या दोन दृश्यांतल्या फरकात आहे.

दुसरे साधन त्याहून स्वस्त आहे. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या चेंडूवर आरशाचा लहानसा तुकडा चिकटवायचा, त्याच्यावर छोटे भोक पाडलेला कागद लावायचा आणि उन्हाचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडायचा. वीस मीटरवर सूर्याचे सुमारे साडेअठरा सेंटीमीटर व्यासाचे बिंब उमटते. अंतराला व्यासाने भागले की १०७-१०८ येते, आणि सूर्य त्याच्या व्यासाच्या तेवढ्याच पट दूर आहे. सूर्याकडे नजर वर न करता वर्गभर मुले तो पाहतात, मोजतात. नवनिर्मिती संस्थेने हे साधन शाळांपर्यंत नेले आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळण्यांची रीत अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे रुजवली. साहित्य, कृती, अनुभव हे सगळे मराठीत उपलब्ध आहे. अडचण खर्चाची नाही, वेळापत्रकाची आहे.

शून्य सावलीचे उदाहरण घ्या. सांगलीत मे महिन्याच्या ७-८ तारखेला आणि साताऱ्यात त्यानंतर तीनेक दिवसांनी सूर्य भर माथ्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा शाळांना सुट्टी असते. हा योग पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा पावसाळी ढग असतात. म्हणूनच आमचा डिसेंबरचा आग्रह आहे. तेव्हा शाळा भरलेल्या असतात आणि आकाश बहुधा निरभ्र असते.

माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पाण्यासाठी तहानलेले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तिथे ढगही कमी आणि गावाबाहेर दिव्यांचा झगमगाटही कमी. तिथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात मृग, आर्द्रा, हस्त ही नावे रोजची आहेत, पण मृग नक्षत्र आकाशात कुठे असते हे त्याच्या मुलाला शाळेत कुणी दाखवत नाही. जूनमध्ये ते दिसणारही नाही, कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून तर तो मृगाचा पाऊस. जानेवारीतल्या संध्याकाळी तेच नक्षत्र पूर्वेकडे ठळक चढलेले असते. शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरून एक रात्र हे समजावले, तर पंचांगातला शब्द आणि डोळ्यांसमोरचा तारा यांची गाठ पडेल. दुर्बीण नसली तरी चालते.

या कामाला आणखी एक कारण आहे. ग्रहण लागले की आजही अनेक घरांत गर्भवतीला कोंडून ठेवतात, अन्न टाकून देतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर याविरुद्ध बोलून, लिहून लढा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्या दिवसानंतर तीनच दिवसांनी अंतराळ दिन येतो. हे चार दिवस दोन्ही जिल्ह्यांतील शाळांनी एकत्र पाळावेत. ज्या मुलीने भिंतीवरचे सूर्यबिंब स्वतः मोजले आहे, तिला ग्रहणात घराबाहेर पडू नको म्हणणाऱ्याला कारण सांगावे लागेल.

शिक्षक आधीच सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याने वाकले आहेत. त्यांच्यावर नवे ओझे नको. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे, सहावी ते आठवीसाठी नव्या शैक्षणिक धोरणाने दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यातला वेळ द्या, केंद्रप्रमुखांमार्फत एक दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्या, आणि त्या दिवशी शिक्षकांना दुसरे काम देऊ नका.

डिसेंबरच्या प्रयोगात चुका होतील, आणि त्यांतच त्याची खरी किंमत आहे. एक मीटर काठीच्या सावलीचे टोक दीड सेंटीमीटरभर धूसर असते, कारण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. मुलांनी ते ओळखून काठीच्या टोकावर भोक पाडलेला पुठ्ठा बसवावा आणि जमिनीवरच्या प्रकाशठिपक्याचा मध्य मोजावा. कुणी सातारा-सांगलीचे सरळ रेषेतले सुमारे ११० किलोमीटर अंतर धरेल आणि परीघ ४८ हजार येईल. मग पूर्व-पश्चिमेचा भाग का वजा करायचा यावर वर्गात वाद होऊ द्या. आकडे फिरवून ‘बरोबर’ उत्तर लिहिणाऱ्या शाळेला बक्षीस देऊ नका. आपल्या चुकीचे कारण शोधणाऱ्या शाळेला द्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी नोव्हेंबरातच परिपत्रक काढावे. नेमका त्या दुपारी ढग आला तर दुसऱ्या दिवशीचे मोजमापही चालेल, कारण २२ डिसेंबरच्या आगेमागे चार-पाच दिवस सूर्याची दुपारची उंची जवळजवळ बदलत नाही.