सफरचंदाच्या दरीतला मुलांचा बाजार



दिवाळी जवळ आली की आमच्या मराठवाड्यात गावोगाव मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. उचल ठरते, टोळ्या ठरतात आणि एक दिवस अर्धे गाव ट्रॅक्टरवर बसून कारखान्याची वाट धरते. आज मी लिहिणार आहे ते मात्र युरोपातल्या एका प्रवासाबद्दल. मग सुरुवात मुकादमापासून का, असे तुम्ही विचाराल. ते पुढे कळेलच.

माझा भाचा राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकला आणि तिथेच म्युनिकला नोकरीला लागला. त्याने आईला आणि मामाला तिकिटे धाडली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिने शाळेची पायरी कधी चढली नाही. आईबाप ऊस तोडायला जात, तेव्हा कोपीवर मला सांभाळायला तिला बरोबर नेत. मी शाळेच्या वयाचा झालो तसा आजीपाशी गावात राहिलो, बी.कॉम. झालो, कारकून झालो. आक्का मात्र कोयता धरूनच मोठी झाली. घरची ही गोष्ट सांगणे भाग आहे, कारण परदेशात मी जे पाहिले त्याचा अर्थ मला तिच्यामुळे कळला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी भाच्याच्या मोटारीतून आम्ही आल्प्स पर्वताकडे निघालो. ऑस्ट्रिया ओलांडून रेशेनची खिंड चढलो, की इटलीची हद्द लागते. पण तिथले लोक बोलतात जर्मन. हा दक्षिण टायरोल प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. म्हणून प्रत्येक पाटीवर गावाची दोन नावे.

खिंडीच्या अलीकडे-पलीकडे डोळ्यांत भरतो तो एक तलाव, आणि तलावाच्या पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. लोक मोटारी थांबवून फोटो काढतात. आक्काने विचारले, "ह्या देवळाच्या बुडाशी काय हाय?" बुडाशी ग्राऊन नावाचे गाव होते. १९५० साली विजेसाठी धरणाचे पाणी चढवले, १६३ घरे आणि सव्वापाचशे हेक्टर जमीन बुडाली, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा उभा राहिला. आक्का म्हणाली, "मग हितं हसून फोटू कशाला काढायचा?" आम्ही फोटो न काढता पुढे निघालो.

खाली उतरलो ती फिन्शगाऊची दरी. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, माथ्यावर बर्फ, आणि तळाशी नजर जाईल तिथवर सफरचंदाच्या बागा. झाडे माणसाच्या हाताला येतील अशी ठेंगणी, द्राक्षासारखी तारेवर बांधलेली. तोडणीचा हंगाम भरात होता. इटलीत पिकणाऱ्या सफरचंदांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या दक्षिण टायरोलची. बागाईतदार बहुतेक लहान, दोन-तीन हेक्टरवाले. माल सहकारी संस्थेत घालायचा, साठवण आणि विक्री संस्थेने करायची. हंगामात तोडणीला पूर्व युरोपातून मजूर येतात. आक्काने एका बागेपाशी थांबून तोडणाऱ्या बायकांचे हात बराच वेळ पाहिले. "पाठीवर मोळी न्हाई एवढं बरं हाय," असे म्हणून ती गाडीत बसली.

या बागांच्या मधोमध ग्लुर्न्स हे जुने गाव आहे. इटालियन नाव ग्लोरेंझा. नावाला शहर, पण वस्ती हजाराच्या आतबाहेर. १४९९ च्या लढाईत ते उद्ध्वस्त झाले, मग सोळाव्या शतकात पुन्हा तटबंदी बांधली. ती तटबंदी आणि तिच्या तीन वेशी अजून धड आहेत. आत दगडी कमानींची बुटकी गल्ली. दहा मिनिटांत गाव पालथे घालून होते.

पण या एवढ्याशा गावाच्या कोर्टात एक अजब खटला चालला होता. शेजारच्या स्टिल्फ्स गावच्या लोकांनी १५१९ साली शेतातल्या उंदरांवर फिर्याद केली, की हे आमचे पीक खातात. कोर्टाने काय करावे? उंदरांना वकील दिला! साक्षी झाल्या, दोन्ही बाजू ऐकल्या आणि १५२० साली निकाल लागला, की उंदरांनी चौदा दिवसांत शेते सोडून जावे, मात्र गाभण उंदरिणी आणि लहान पिल्ले यांना आणखी चौदा दिवसांची मुदत द्यावी.

भाचा हसत हसत सांगत होता. मीही हसलो. पण हसू ओठावरच राहिले. आपल्याकडे पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके बांधले गेले, तेव्हा त्यांची बाजू कोणत्या न्यायसभेत कोणी मांडली? उंदराला मिळाला तेवढाही वकील माणसाला मिळाला नाही. बॅरिस्टर होऊन बाबासाहेब आले तेव्हा कुठे आपली बाजू मांडणारा माणूस उभा राहिला.

तरी त्या दरीतल्या गोरगरिबांना न्याय मिळत होता असे समजू नका. तिथून तीन-चार किलोमीटरवर श्लुडर्न्स गावी एक संग्रहालय आहे. ते पाहिल्यावर सफरचंदाचा रंग उतरतो.

आधी तिथली पाण्याची गोष्ट सांगतो. या दरीत पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच. म्हणून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी डोंगरातल्या हिमनद्यांच्या ओढ्यांपासून शेतापर्यंत पाट खोदले. त्यांना 'वाल' म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, रात्रीची पाळी असेल तर रात्री उठायचे. पाटावर एक राखणदार असे. पाण्याच्या धारेवर लहानसे चाक फिरे आणि चाकाबरोबर घंटा वाजत राही. घंटा थांबली की राखणदाराने ओळखायचे, वर कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला. ते ऐकून मला महाडचे तळे आठवले. तहान सगळीकडे सारखी. पाण्याला पाळी लावून ते वाटता येते, आणि पाण्याला विटाळ लावून ते अडवताही येते.

दुसऱ्या दालनात मुले होती. भिंतीवर जुनी चित्रे. डोक्यावर टोपी, पाठीवर गाठोडे, हातात काठी, अशी सात-आठ वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुले-मुली बर्फातून रांगेने चालली आहेत. पुढे एक मोठा माणूस. आक्का तिथेच थांबली.

"ही पोरं कुणाची?"

भाच्याने तिथली माहिती वाचून सांगितली. ही याच दरीतल्या आणि आसपासच्या डोंगरातल्या गरिबांची मुले. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दर वर्षी मार्च महिन्यात हजारो मुले पायी खिंडी ओलांडून जर्मनीतल्या श्वाबेन मुलखात जात. म्हणून त्यांना 'श्वाबेनकिंडर', श्वाबेनची मुले, म्हणत. राफेन्सबुर्ग, फ्रीडरिश्सहाफेन अशा गावी त्यांचा बाजार भरे. बडे शेतकरी येत, पोर निरखून पाहत आणि घेऊन जात. मग गुरे राखणे, शेण काढणे, तान्ही मुले सांभाळणे. नोव्हेंबरात परत. मोबदला म्हणून थोडे पैसे आणि एक नवा कपड्यांचा जोड.

"म्होरला माणूस मुकादम हाय का?"

"बहुतेक वेळा पाद्री असायचा, आई. नाहीतर गावातला कोणी जाणता."

"बापानं उचल घेतली व्हती का?"

भाच्याला उत्तर देता येईना. माझाही घसा दाटला. हजारो मैलांवरचे, दीडशे वर्षांपूर्वीचे चित्र, आणि निरक्षर बाई तीन प्रश्नांत त्याच्या मुळाशी पोहोचली.

बापाने उचल घेतली नव्हती, पण घरात खाणारी तोंडे जास्त होती. या वरच्या दरीत जमीन सगळ्या वारसांत वाटण्याची रीत होती. पिढी-पिढीला तुकडे पडत गेले, शेवटी तुकड्यावर घर चालेना. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला त्यात हाच रोग तपासला आहे. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर लटकलेल्या जादा माणसांना दुसरा उद्योग दिला पाहिजे, असे त्यांनी म्हटले. उद्योग नाही म्हणून या दरीने आपली मुले बाहेर पाठवली.

आक्काने मग चौथा प्रश्न विचारला. "सुटली कशी?"

हा भाग नीट वाचावा अशी माझी विनंती आहे. शाळेची सक्ती ऑस्ट्रियात १७७४ पासून होती, पण या मुलांना उन्हाळाभर शाळेतून सूट मिळे. ज्या जर्मन मुलखात ती राबत, तिथेही शाळा सक्तीची होती, पण फक्त तिथल्या मुलांना. परक्या मुलांना कायदा लागू नव्हता. म्हणजे मालकाचे पोर शाळेत आणि त्याच वयाचे गुराखी पोर गोठ्यात. १९०८ च्या सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांनी या बाजाराला गुलामांचा बाजार म्हटले तेव्हा बोभाटा झाला. १९१५ ला बाजार बंद पडला. १९२१ साली त्या राज्याने परक्या मुलांनाही शाळा सक्तीची केली आणि ही प्रथा मोडली. महायुद्ध, बदललेल्या सीमा हीही कारणे होती. पण ज्या मुलाला शाळेत बसवावेच लागते, ते मालकाला परवडत नाही, हे खरे.

"म्हंजी शाळंनं बाजार उठवला," आक्का म्हणाली.

आता आपल्याकडे पाहा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते सक्तीचे केले, म्हणजे त्या जर्मन राज्याने परक्या मुलांना शाळा लागू केली त्याच्या चार वर्षे आधी. बाबासाहेबांच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. कायद्यात आपण कुठेच कमी नाही. तरीही दर हंगामात फडावर पोरे दिसतातच. कायदा पुस्तकात असतो आणि पोर ट्रॅक्टरवर असते, तेव्हा आपल्याही मुलांना त्या गुराखी पोरांसारखी 'सूट' मिळालेली असते.

म्हणून आपल्या वस्तीतून यंदा जी कुटुंबे तोडणीला जातील, त्यांच्या घरी बौद्ध पंचायतीच्या, महिला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी निघण्याआधी जावे. मूल आजी-आजोबांपाशी राहणार असेल तर मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाच्या सोयीची चौकशी करावी. न्यावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे आणि जिथे उतराल तिथल्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवावे. आणि एक गोष्ट विशेष करून. धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरल्या मुलीला नेऊ नका. तो धाकटा मी आहे. मी शिकलो त्याची किंमत कोणी भरली, हे मला पगाराच्या दर तारखेला आठवते.

परतताना आक्काने रस्त्याकडेच्या दुकानातून किलोभर सफरचंदे घेतली. खाताना म्हणाली, "ग्वाड हाय. पर त्या पोरांला मिळाली नसंल." म्युनिकला आल्यावर तिने भाच्याकडून एक वही मागून घेतली. आता ती रोज संध्याकाळी नातीपाशी बसून स्वतःचे नाव लिहायला शिकते आहे. काना अजून वाकडा येतो.

जयभीम.