एका बटणाचं यंत्र आणि दहा रुपयांचा कायदा

चेन्नईतला 'काणुम पोंगल' म्हणजे मरिना किनाऱ्यावर माणसांचा महापूर! जानेवारीतल्या पोंगल सणाच्या शेवटच्या दिवशी शहरातली आणि आसपासच्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं डबे बांधून वाळूत येऊन बसतात. पोरं वाळूत लोळतात, मोठी माणसं 'सुंडल' म्हणजे कैरी-खोबरं घातलेले उकडलेले वाटाणे खात गप्पा ठोकतात. आणि घरी परतल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं, की बोटातली अंगठी नाही किंवा पोरीच्या पायातलं पैंजण गायब आहे. वाळूत पडलेली वस्तू चार पावलांखाली तुडवली गेली की संपलं. डोळ्यांना ती दिसायची नाही. तिला शोधायचं तर कानच हवेत, आणि हे कान म्हणजे मेटल डिटेक्टर.

आपल्याकडे हे यंत्र रेल्वे स्टेशनच्या नाही तर मॉलच्या दारात भेटतं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र तो हजारोंचा छंद आहे. सुट्टीच्या दिवशी लांब दांड्याला लावलेली तबकडी जमिनीलगत फिरवत, कानाला हेडफोन लावून ही मंडळी शेतं आणि किनारे पालथे घालतात. या छंदातली गंमत अशी, की दर वर्षी नवं, पडदा नि आकडेवाला मॉडेल बाजारात येत असतानाही अनेक जुने खेळाडू आपला वीस-पंचवीस वर्षांचा 'डबा' सोडायला तयार नसतात.

हा नुसता हट्ट म्हणायचा का? तर तसंही नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात 'तेसोरो' नावाची कंपनी होती. स्पॅनिश भाषेत तेसोरो म्हणजे खजिना. 1980 साली सुरू झालेली ही कंपनी 2018 मध्ये बंद पडली. तिचं 'कॉम्पाद्रे' हे मॉडेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात साधं. नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि फिरवायचं एकच बटण. पडदा नाही, आकडे नाहीत. धातू लागला की 'बीप', नाही तर गप्प. दुकानात पोरांचं खेळणं म्हणून बाजूला पडणारं हे यंत्र वापरणारे मात्र जपून ठेवतात. कारण हलकं आहे, दिवसभर हात दुखत नाही, आणि खिळ्यांच्या गर्दीतलं नाणंही ते वेगळं ओळखून दाखवतं.

मुळात या यंत्राचं तत्त्व तसं सरळ आहे. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, उलटसुलट वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्या क्षेत्रात फरक पडतो आणि तो फरक आवाजाच्या रूपाने कानावर येतो. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1881 मध्ये हेच तत्त्व वापरून अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. पण पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात! अशी प्राथमिक यंत्रं शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्याकडची पोरंही बनवतात. चेन्नईत अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, तांब्याची तार असं सगळं सामान मिळतं. कॉइल घरी गुंडाळायची, शेजारी जुना रेडिओ ठेवायचा. धातू जवळ आला की रेडिओची शिट्टी बदलते.

यंत्र साधं असलं तरी किनारा साधा नसतो. समुद्राच्या पाण्यातल्या मिठामुळे ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि साधं यंत्र उगाचच कुरकुरायला लागतं. त्यातच तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जड खनिजांच्या काळ्या वाळूचे पट्टे असतात, त्यांतलं मॅग्नेटाइट यंत्राला चकवतं. तिसरा चकवा त्याहून मोठा. कचरा टाळण्यासाठी यंत्रात 'गाळणी' असते. ती चढवली की सिगारेटच्या पाकिटातली चांदी, शीतपेयाच्या डब्याची कडी असल्या वस्तूंवर यंत्र बोलत नाही. पण सोन्याची बारीक अंगठीही जवळपास त्याच सुरात बोलते. म्हणजे कचऱ्याबरोबर सोनंही गाळलं जातं! म्हणून मुरलेले हौशी कोरड्या वाळूत गाळणी उतरवून ठेवतात आणि प्रत्येक बीपला वाकतात. बाटलीची पंचवीस बुचं काढल्यावर एखादी अंगठी हाती लागते. कोणत्या बीपला कसा कंप आहे, हे कानात बसायला महिने लागतात. जुन्या यंत्राचं मोल नेमकं इथे आहे. यंत्र जुनं होतं तसा माणसाचा कान तयार झालेला असतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला इंग्लंडमधला. 5 जुलै 2009 रोजी स्टॅफर्डशरमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात टेरी हर्बर्ट नावाचा बेकार गृहस्थ चौदा वर्षं जुनं यंत्र फिरवत होता. जुन्या वस्तूंच्या बाजारातून अडीच पौंडांना घेतलेलं! अठरा वर्षं त्याला हा नाद होता. त्या शेतातून अँग्लो-सॅक्सन काळातला जो खजिना निघाला, त्यात जवळपास चार किलो सोनं आणि सुमारे 4,600 लहानमोठ्या वस्तू व तुकडे होते. त्याने ही गोष्ट दडवली नाही. सरकारी अधिकाऱ्याला कळवलं, पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केलं, 32 लाख 85 हजार पौंड किंमत ठरली आणि ती त्याच्यात आणि शेतमालकात निम्मी निम्मी वाटली गेली. आज तो ठेवा तिथल्या संग्रहालयांमध्ये आहे.

मरिनावर असं घबाड मिळेल का? आशा कमी. कारण मरिनाची वाळूच मुळी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासचं बंदर बांधायला घेतलं, त्याच्या भिंतींनी किनाऱ्याने वाहत जाणारी वाळू अडवली आणि दक्षिणेला साठत साठत आजचा रुंद किनारा तयार झाला. तिथे सापडणार ते गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतल्या माणसांच्या खिशातलं. राजाराणीच्या छापाची नाणी, सेफ्टी पिना, चाव्या. कालपरवा हरवलेली अंगठी मिळाली, तर ती जिची आहे तिची. ती पोलीस ठाण्यात द्यायची, हा सरळ मार्ग.

शहराबाहेर, गावाकडे मात्र प्रश्न गंभीर होतो. भारतात 1878 सालचा खजिनाविषयक कायदा आजही लागू आहे. चेन्नईत आणि आपल्या महाराष्ट्रातही. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! त्यात आज फिल्टर कॉफीही येत नाही. वस्तूला कुणी मालक ठरला नाही तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा, अशी कायद्याची साधारण वाटणी आहे. सरकारला वस्तू हवी असेल, तर धातूच्या किमतीवर तिचाच एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. दडवून ठेवलं, तर एक वर्षापर्यंत कैद, शिवाय वाटाही गेला. महाबलीपुरमसारख्या संरक्षित जागी तर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा.

दडवल्याने काय होतं, ते तंजावूर भागातल्या पत्तूर गावाने पाहिलं. 1976 साली एका भूमिहीन मजुराच्या कुदळीला तिथे नटराजाची मूर्ती लागली. कळवण्याऐवजी ती विकली गेली आणि दलालांच्या हातांतून थेट लंडनला पोहोचली. खटला उभा राहिला, देवळाच्या वतीने दाद मागितली गेली आणि कोर्टकचेऱ्यांनंतर 1991 मध्ये नटराज भारतात परतला. याउलट, कळवल्याने काय होतं ते चेन्नईच्या एग्मोर इथल्या सरकारी संग्रहालयात दिसतं. 1851 मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयातल्या जगप्रसिद्ध कांस्यमूर्तींपैकी कितीतरी याच कायद्याखाली जमा झालेल्या आहेत. नांगरताना, विहीर-पाया खणताना साध्या माणसांना सापडलेल्या!

छंदाचा इतिहास कसा होतो, याचं उदाहरणही चेन्नईचंच. 'दिनमलर' या तमिळ दैनिकाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांना नाण्यांचा नाद. दक्षिणेतल्या नद्यांच्या वाळूत मिळणारे, झिजलेले तांब्याचे तुकडे मोडीच्या भावाने जात. संगमकालीन राजांनी नाणी पाडली होती, हेच अनेक अभ्यासकांना मान्य नव्हतं. 1980 च्या दशकात कृष्णमूर्तींना अशा एका नाण्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीत 'पेरुवळुदी' हे पांड्य राजाचं नाव वाचता आलं आणि तो वाद नव्याने मांडला गेला. ते 2021 मध्ये वारले, पण त्यांनी वाचलेलं छापून ठेवलं होतं, म्हणून ते सर्वांचं झालं.

तेव्हा सुट्टीत घरातल्या पोराने कॉइल गुंडाळून यंत्र बनवायचं म्हटलं, तर त्याला जरूर बनवू द्या. जुनं मिळालं तरी बिघडत नाही. शेतात फिरवायचं तर आधी मालकाला विचारा. फक्त यंत्राबरोबर त्याला एक वहीही द्या. काय सापडलं, कुठे, किती खोल, कोणत्या दिवशी, हे तिथल्या तिथे लिहायला लावा. वस्तू जुनी वाटली तर घासूनपुसून चकचकीत करू नका, पुढे खणूही नका. जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. कारण यंत्र फक्त 'इथे धातू आहे' एवढंच सांगतं. तो कुणाचा, कधीचा आणि कशासाठी, हे जमिनीचे थर सांगतात, आणि ते एकदा उकरले की पुन्हा लावता येत नाहीत.