अठ्ठावीस दातांची रांग

मुलांनो, 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण दात गेलेल्या माणसाला पुन्हा चावता यावं, अशी एक सोय माणसाने करून ठेवली आहे. तिचं नाव कवळी. वाटीतल्या पाण्यात ठेवलेली आजोबांची कवळी बघून तुमच्यापैकी कितीतरी जण खुदकन हसले असतील. आज त्या वाटीत जरा नीट डोकावू या. त्या कवळीतला एकेक दात विचार करून बसवलेला असतो, बरं का!

आधी हात स्वच्छ धुवा आणि आरशासमोर उभे राहा. दात मिटा. वरचे पुढचे दात खालच्या दातांना थोडे झाकतात ना? डब्याचं झाकण डब्यावर बसावं तसे. आता कानाच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड उघडा, मिटा. काहीतरी हलतंय? ती जबड्याची बिजागरी. दाराची बिजागरी फक्त उघडते आणि मिटते. जबडा मात्र पुढे सरकतो, डावी-उजवीकडेही जातो. म्हणून तर आपण घास दळू शकतो. कवळीतल्या दातांना या सगळ्या हालचालींत एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं.

मोठ्या माणसाला ३२ दात असतात. पूर्ण कवळीत बहुधा २८ बसवतात, १४ वर आणि १४ खाली. चार अक्कलदाढांना सुट्टी!

दातांचे डॉक्टर प्रथम हिरड्यांचं माप घेतात. त्यावरून प्लास्टरचा साचा होतो. साच्यावर मेणाची जाडसर पट्टी बसवतात आणि ती रुग्णाच्या तोंडात ठेवून उंची ठरवतात. ही उंची फार महत्त्वाची. ओठ सहज मिटून स्वस्थ बसा बरं. तुमचे वरचे-खालचे दात टेकलेले नाहीत, मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट आहे. कवळी उंच झाली तर ही फट राहत नाही. मग बोलताना दात खटखट वाजतात, जबडा दुखतो. कवळी बुटकी झाली तर गाल बसतात आणि हनुवटी नाकाकडे जाते.

मग ते साचे आर्टिक्युलेटर नावाच्या यंत्रावर चढवतात. हा जणू धातूचा जबडाच! त्यावर मेणात एकेक दात रोवायचा. सुरुवात मधल्या दोन दातांपासून. त्यांच्यामधली रेघ चेहऱ्याच्या मध्यावर यायला हवी. हे दोघे ठरवलेल्या रेषेला टेकतात. त्यांच्या शेजारचे दोन मात्र जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर वर ठेवतात आणि सुळ्याचं टोक पुन्हा रेषेवर आणतात. असं का? सगळे दात एका पातळीत लावले तर ते पेटीच्या पट्ट्यांसारखे दिसतील. खऱ्या दातांची रांग अशी नसते. रंगही पांढराशुभ्र घेत नाहीत. वय आणि चेहरा बघून थोडा पिवळसर निवडतात.

दाढांचं काम आणखी अवघड. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसायला हवा, बत्ता खलात बसतो तसा. शिवाय आपल्या दातांना मुळं असतात, कवळीला नसतात. ती नुसती ओल्या हिरडीवर टेकलेली असते. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात, तशी लाळेच्या पातळ थरामुळे वरची कवळी धरून राहते. खालची तर घोड्याच्या नालेसारखी, आणि तिच्यामध्ये जिभेची सारखी वळवळ! पाटाच्या एका कडेवर बसलं की दुसरी कड उचलते ना? कवळीचंही तसंच होतं. म्हणून दात असे लावतात, की उजवीकडे चावताना डावीकडचे दातही टेकावेत. दातांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला, की कवळी डगमगत नाही.

आता तुमच्या व्याकरणाच्या तासाकडे वळू. त, थ, द, ध, न मोठ्याने म्हणा. जीभ कुठे टेकली? वरच्या दातांच्या मागे. म्हणून तर हे 'दंत्य' वर्ण! पुढचे दात जरा आत-बाहेर झाले तर हे वर्ण नीट उमटत नाहीत. 'स' म्हणताना शिट्टी वाजते. म्हणून डॉक्टर मेणातली कवळी तोंडात बसवून रुग्णाला बोलायला लावतात, आकडे मोजायला सांगतात.

पूर्वीच्या लोकांनी यासाठी फार सोसलंय. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांचे दात लाकडाचे होते, असं सांगतात, ते खरं नाही. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि शिसं वापरलं होतं. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे! लाकडी कवळ्या होत्या त्या जपानात. १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी तिथे अजून जपून ठेवली आहे. आज वापरतात ते ॲक्रिलिक कवळ्यांसाठी आलं १९३०नंतरच्या दशकात. आता तर काही ठिकाणी संगणकावरही दात जुळवतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, आमची आजी कवळी फक्त लग्नाला घालते. एरवी टोचते म्हणून डबीत ठेवते आणि दुधात भाकरी कुस्करून खाते." असं बऱ्याच घरांत घडतं. 'कवळी अशीच असायची' असं समजून म्हातारी माणसं गप्प बसतात. चारचौघांत हसणं-बोलणं कमी करतात, जेवणही कमी होतं. खरं तर टोचणारी जागा डॉक्टर थोडी घासून देतात आणि त्रास थांबतो. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. त्यामुळे काही वर्षांनी कवळी सैल होते. तिलाही आतून नवा थर देता येतो. मात्र घरी कानशीने घासाघाशी करायची नाही हं!

इथे तुमचं काम सुरू होतं. घरात कुणाची नवी कवळी होणार असेल, तर मेणातली कवळी घालून बघण्याच्या दिवशी तुम्हीही बरोबर जा. आजीचा हसतानाचा जुना फोटो न्या. मेणात आहेत तोवर दात सहज हलवता येतात, कवळी पक्की झाल्यावर मोठा खटाटोप पडतो. आजी संकोचाने 'ठीक आहे' म्हणाली, तर तुम्हीच विचारा, "आजी, खरंच बरं वाटतंय का गं?"

आणि घरी लक्ष ठेवा. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबणाने धुवायची, टूथपेस्टने ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही.

आज संध्याकाळी आजोबांना किंवा शेजारच्या आजींना एवढंच विचारा, "कवळी टोचते का हो?" उत्तर 'हो' आलं, तर ते आई-बाबांच्या कानावर घाला आणि दातांच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरवूनच उठा.