सिकंदर आमच्या चौकात

आमच्या वडनेरात सिकंदर दरवर्षी हरतो. जयंती कोणाचीही असो, मंडप पडला आणि माईक लागला की बाहेरगावचा एखादा व्याख्याता उभा राहतो आणि अर्ध्या तासात मॅसेडोनियाच्या पोराला धूळ चारून खाली बसतो. टाळ्या पडतात, चहा फिरतो. हा सिकंदर इ.स.पू. ३२६ मध्ये पंजाबात आला होता. बियास नदीपाशी त्याचं सैन्य अडून बसलं आणि तो माघारी फिरला. वर्धा नदी त्याच्या स्वप्नातही आली नसेल. पण आमच्या वक्त्याला त्याला हरवल्याशिवाय मानधनाचं पाकीट घेववत नाही.

वक्त्यावर माझा राग नाही. त्याचा तो धंदा आहे. राग याचा आहे की ग्रीकांचा आणि महाराष्ट्राचा जो खराखुरा संबंध आला, दगडावर कोरून ठेवलेला, नावगावासकट, तो या मंडपात कोणालाच नको असतो. कारण त्यात कोणी हरत नाही आणि कोणी जिंकत नाही.

कार्ल्याला जा. एकवीरा आईच्या दर्शनाला माणसांची रीघ लागलेली असते आणि देवळाला खेटूनच ते प्रचंड चैत्यगृह आहे. आत खांबांवर दानाचे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. त्यातले कित्येक दाते स्वतःला चक्क यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. धेनुकाकट गावचे यवन. हे धेनुकाकट नेमकं कुठं होतं यावर विद्वानांचं आजही जमत नाही, पण यवन हा शब्द दगडात स्पष्ट आहे. आणि नावं काय, तर सिंहधय, धम्म, यशवर्धन! एकही अलेक्झांडर नाही, एकही फिलिप नाही. बौद्ध संघासाठी खांब देणारे हे लोक आपलं यवनपण लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत. आपण नाही का गावाचं नाव आडनावासारखं लावत, तसं लावतात आणि पैसे मोजून मोकळे होतात.

जुन्नरला त्याहून गंमत. गत कुळातला किंवा गत गावचा (इथेही वाद आहेच) इरिल नावाचा यवन पाण्याची दोन टाकी देतो. त्याच गटातला चिट नावाचा यवन संघाला भोजनमंडप देतो. पाणी आणि जेवण! आमच्याकडे आमदार निधीतून प्रवासी निवारा झाला तर त्यावर नावाची पाटी निवाऱ्यापेक्षा मोठी असते आणि छत पहिल्या पावसात गळतं. इरिलचा लेख एका वाक्याचा आहे आणि दोन हजार वर्षं टिकला आहे.

आता नाशिक. त्रिरश्मी डोंगरावर गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे. शक, यवन, पह्लव यांचा संहार करणारा असं त्याचं वर्णन तिथं आहे. हा लेख आमच्या वक्त्यांना तोंडपाठ असतो आणि असावाच, लेख भव्यच आहे. पण त्याच डोंगराच्या त्याच रांगेत, थोडं पुढं चालून गेलं की आणखी एक लेणं लागतं. ते कोरवून घेतलं आहे उत्तरेकडच्या दात्तामित्री गावच्या एका यवनाने. नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धर्मदेव. राजाच्या आईने यवनांच्या संहाराचा डंका वाजवला त्याच डोंगरावर एक यवन बापलेकांच्या नावानिशी लेणं देऊन गेला. कोण आधी, कोण नंतर याचा काथ्याकूट अभ्यासक करोत. माझा प्रश्न साधा आहे: पहिला लेख वाचायला जाणारे तुम्ही, दुसऱ्या लेण्यापर्यंत चार पावलं जास्त टाकायला तुमचे पाय का दुखतात?

खुद्द गौतमीपुत्राला या वक्त्यांसारखी घाई नव्हती. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. सगळी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरं. अक्षरं बिघडलेली, शाळेत न गेलेल्या कारागिराने नक्षी म्हणून उतरवावीत तशी, पण ग्रीकच. यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला: डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह. नाणं जवळून पाहिलं तर ठशाच्या खालून शत्रूचं नाक डोकावतं, कडेला एखादं ग्रीक अक्षर तग धरून असतं. ज्याने नहपानाचं राज्य बुडवलं त्याने त्याची चांदी वितळवली नाही. ठोकली आणि बाजारात फिरवली. जिंकणाऱ्याला जे पचलं ते जयंतीच्या मंडपाला पचत नाही.

दुसऱ्या टोकालाही एक जमात आहे आणि तीही काही कमी नाही. हिला सुंदर दिसलं की ते ग्रीक वाटतं. बुद्धाच्या चेहऱ्यावर अपोलो, वस्त्राच्या चुण्यांत अथेन्स. गोऱ्या साहेबांनी गांधारची शिल्पं पाहिली आणि आपले आजोबा सापडल्यासारखे गहिवरले. त्यांचे इथले शिष्य अजून डोळे पुसताहेत. इतिहासकार टार्न यांनी १९३८ मध्ये बॅक्ट्रिया आणि भारतातले ग्रीक हा ग्रीक इतिहासाचाच एक अध्याय म्हणून मांडला. अवध किशोर नारायण यांनी १९५७ मध्ये त्याला उत्तर दिलं की हे लोक भारताच्या इतिहासाचे. त्या वादात निदान नाणी, लेख आणि मेहनत होती. आमच्या वादात फॉरवर्ड केलेले मेसेज असतात.

आणि विदर्भात तर या विषयावर तोंड वाकडं करायला जागाच नाही. इथं गावोगाव मिलिंद आहेत. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन म्हटलं. महावंसात तर अशोकाच्या काळी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, धम्म सांगायला पाठवलेला थेर धम्मरक्खित हा योन, म्हणजे यवनच, होता असं लिहिलं आहे. हे सगळं इतकं घरचं असताना मंडपात हार घालायला उभा असलेला कार्यकर्ता मिलिंद आणि माईकवर यवनांच्या नावाने शंख, हा प्रकार मी या डोळ्यांनी पाहिला आहे. कोणी हसलंसुद्धा नाही.

वडनेरला ग्रीक येऊन गेले असं मी म्हणत नाही. म्हणालो तर पुढच्या वर्षी त्यांचं देऊळ होईल आणि त्यापुढच्या वर्षी त्यावरून दोन गट. पण कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हरकत नाही की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याच्या टिपणात, पेरिप्लसमध्ये, मराठवाड्यातल्या तेर गावाहून जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोचच्या बाजारात तेव्हा अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी अजून चालत होती, हेही त्यानेच लिहिलं आहे. हिंगणघाटच्या यार्डात कापसाच्या भावासाठी रात्र काढणाऱ्याला हा इतिहास सिकंदरापेक्षा जवळचा आहे. त्याला तो कोणी सांगत नाही.

सांगणार कसा? जिथून तो निघायचा ती जागाच आम्ही ट्रॉलीत भरतो. गावाशेजारच्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर जेसीबी चालून गेला की काय दिसतं ते मी पाहिलं आहे: राखेचा पट्टा, त्यात काळी-तांबडी खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा, आणि वर रबरी टायरची नक्षी. अशाच एका टेकाडासाठी मी एका कार्यालयात अर्ज दिला. ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असं उत्तर आलं, तेही टेकाड सपाट झाल्यावर. ट्रॉलीवाला तेवढा खरं बोलला. ‘भाऊ, तिथं सोनं असतं तं मी माती काहून विकली असती?’

आमू दर्याच्या काठी आय-खानुम नावाचं ग्रीक शहर होतं. नाट्यगृह, व्यायामशाळा, डेल्फीहून उतरवून आणलेली सुवचनं. फ्रेंचांनी १९७८ पर्यंत तिथं उत्खनन केलं आणि मग अफगाणिस्तान पेटला. लुटारूंनी त्या जागेची चाळण केली. निदान त्यांच्याकडे युद्धाची सबब आहे. आमच्याकडे तर शांतता आहे आणि वर्ध्याजवळचं पौनार आहे. तिथं नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केलं, वाकाटकांच्या खालीही जुनी वस्ती निघाली. विनोबांच्या आश्रमात खणताना शिल्पं निघाली. आमच्या शाळांच्या सहली पौनारवरूनच नागपूरच्या वॉटर पार्कला जातात. खिडकीतून धाम नदी दिसते म्हणे. भंडारा जिल्ह्यात पवनीला महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ मिळाला, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या सत्तेचा माणूस वैनगंगेपर्यंत येऊन गेलेला. कोणत्या मंडपात ऐकलंय हे नाव?

करणाऱ्याने केलंही आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडेल ती वस्तू गोळा केली, जपली, आणि त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. त्यांनी कोणाला हरवलं नाही, म्हणून त्यांची जयंती आमच्याकडे होत नाही.

कायदा मात्र आहे, घाबरू नका. १८७८ सालचा आहे, इंग्रजांचा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सापडणारा कळवत नाही, कारण कळवलं तर वावर जाईल अशी त्याला धास्ती. तो नाणं सराफाकडे नेतो. सराफ ते तराजूत टाकतो, चांदीचा भाव सांगतो आणि मुशीत सोडतो. नहपान, गौतमीपुत्र आणि कडेची ग्रीक अक्षरं, तिघांचंही एकदाच पाणी होतं. मग त्याच पैशातून गणपतीची किंवा जयंतीची वर्गणी फाडली जाते, आणि व्याख्यात्याला फोन लागतो.