बकेट सीट कुणाच्या पाठीसाठी?

"सर, स्पोर्ट्स सीट आहे, पाठीला फुल सपोर्ट." शोरूममधलं हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. यूट्यूबवर गाड्यांचा रिव्ह्यू करणारा पोरगाही दहा मिनिटं सीटवर बसतो आणि सांगतो, "कशी घट्ट धरून ठेवते बघा!" माझ्या कमरेतली एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली चकती सरकलेली आहे, आणि कामासाठी महिन्यातून चार वेळा मी पुणे-कोल्हापूर गाडी चालवतो. मला या दोघांशीही भांडायचं आहे.

आधी ही सीट कशासाठी आली ते बघू. वेगात वळण घेताना शरीर बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. सपाट सीटवरचा ड्रायव्हर अशा वेळी स्टिअरिंगला लोंबकळतो, गुडघा दाराला टेकवतो आणि गाडी चालवायची सोडून स्वतःलाच सावरत बसतो. म्हणून बरगड्या, कंबर आणि मांड्यांच्या दोन्ही बाजूंना उंच कडा आल्या. 'सपोर्ट' हा शब्द तिथला आहे. त्याचा अर्थ आडवा आधार. दुखऱ्या चकतीवरचा भार मात्र प्रामुख्याने वरून खाली येतो, आणि खड्ड्यातला दणका खालून वर. त्यापुढे बाजूच्या कडा काय करणार?

यावर कुणी शर्यतीचं उदाहरण देईल, तर तेच घेऊ. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगाचा साचा घेऊन सीट बनवतात. याहून नेमकी बकेट सीट कुठे मिळणार? तरीही १२ जून २०२२ला बाकूची शर्यत संपल्यावर लुईस हॅमिल्टन कंबर धरून गाडीतून उतरला. नव्या नियमांनी बनवलेल्या त्या वर्षीच्या गाड्या सरळ रस्त्यावर जोरात वर-खाली उसळत होत्या. शेवटी एफआयएला त्याच मोसमात या उसळण्याचं मोजमाप आणि मर्यादा आणावी लागली. औषध गाडीला दिलं गेलं, कारण सीटमध्ये देण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. आता 'स्पोर्टी' गाडीत काय असतं ते आठवा: कडक सस्पेन्शन, कमी जाडीचे टायर, सीटमध्ये पातळ फोम. म्हणजे धक्का शोषून घेणारी प्रत्येक गोष्ट कमी केलेली. गुळगुळीत ट्रॅकवर हे शोभतं. आमच्या भागात मात्र दर दोनशे मीटरवर एक स्पीडब्रेकर आहे, आणि त्यातल्या निम्म्यांवर पांढरे पट्टेही नाहीत.

बसण्याची पद्धत हा दुसरा मुद्दा. सीट खोल आणि खाली असली की गुडघे नितंबांच्या वर जातात, ओटीपोटाचं हाड मागे कलंडतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. चकती मागच्या बाजूला ढकलली जाते ती याच स्थितीत. त्यातून उतरायचं म्हणजे उंच कडेवरून पाय टाकत, वाकून आणि त्याच वेळी वळून बाहेर यायचं. फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी बजावतात, "एकाच वेळी वाकायचं आणि वळायचं नाही." ही सीट ते दिवसातून आठ वेळा करायला लावते. शिवाय मांडीच्या कडा पायाला हलू देत नाहीत. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय सतत क्लचवर असतो, आणि पाठदुखीवाल्याला तर दर दहा मिनिटांनी थोडंसं सरकून बसावं लागतं. बकेट सीटचं काम तुम्हाला हलू न देणं हे आहे, आणि ते ती चोख करते.

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. सोफ्यासारखी मऊ सीट पाठीला चांगली नसते. अर्ध्या तासात माणूस तिच्यात रुततो. घट्ट फोमच्या चांगल्या स्पोर्ट्स सीटवर पाठ कमी दुखते असं सांगणारे लोक मला भेटलेत, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण त्यांना आराम कशाने मिळतो? स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीतला दाब सुईने मोजला. पाठ थोडी मागे कललेली आणि कमरेला आधार दिलेला असला की दाब कमी होतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे गुण कलण्याचा आणि कमरेच्या आधाराचा आहे, पंखांचा नाही.

सीट बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. रेकारोने 'पोल पोझिशन' नावाची न कलणारी शर्यतीची सीट विकली आणि पाठीसाठी 'ऑर्थोपेड' नावाची वेगळी सीट विकली. एकाच सीटने दोन्ही कामं होत असती तर दोन कशाला बनवल्या असत्या? पोर्शे ९११ जीटी३ घेणाऱ्याला १८ प्रकारे जुळवता येणारी सीट मिळू शकते. काही जण जास्त पैसे मोजून पाठ अजिबात न कलणारी कार्बनची बकेट सीट घेतात. वजन वाचवण्यासाठी हौसेने घेतात, त्यांची हौस त्यांना लखलाभ. फक्त त्या हौसेला आरोग्याचं नाव देऊ नका.

आपल्याकडे तर त्या सीटचं निव्वळ सोंग पोचलंय. लाल शिलाई, खोट्या कडा आणि लहान गाड्यांत पाठीलाच चिकटवलेलं, वर-खाली न होणारं हेडरेस्ट. गेमिंग चेअर हा त्याचाच घरातला अवतार. तिला पंख असतात. हॉलमध्ये बसून कोडिंग करताना नेमकं कुठलं वळण येतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझा खरा राग मात्र व्हेरिएंटच्या तक्त्यावर आहे. तो उघडून बघा. कमरेचा आधार जुळवायची सोय बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये असते, नाहीतर नसतेच. सनरूफ त्याच्या कितीतरी आधी मिळतं. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा सीटची उंचीही बदलता येत नाही. आणि स्वस्त मॉडेल कोण घेतं? अ‍ॅपवर टॅक्सी चालवणारा, बारा-बारा तास बसणारा माणूस. फॉर्म्युला वनची शर्यत दोन तासांत आटोपते, आणि तिथल्या वीस जणांच्या पाठीसाठी २०२२ मध्ये नियम बदलले. युरोपात कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती कंपन बसावं याची मर्यादा २००२ च्या निर्देशाने घालून दिली आहे. आपल्याकडे १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली होती. अ‍ॅपवाल्यांनी ड्रायव्हरला 'पार्टनर' म्हटलं आणि तो प्रश्नच मिटवला.

म्हणून गाडी घ्यायला जाल, तेव्हा टेस्ट ड्राइव्हआधी पार्किंगमध्येच वीस मिनिटं सीटवर बसा. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे. तीनदा उतरा आणि चढा. गुडघे नितंबांच्या वर जातायत का ते पाहा. कमरेच्या मागे तळहात सरकवून पोकळी राहते का तपासा. क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवरून सुटते का तेही पाहा. मग विचारा, "लंबर अ‍ॅडजस्टमेंट खालच्या मॉडेलमध्ये का नाही?" त्याच्याकडे उत्तर नसेल. तरी विचारा, फीडबॅक फॉर्मवर लिहा, रिव्ह्यूखाली लिहा. सनरूफ खाली उतरलं ते लोकांनी मागितलं म्हणून. कंबर आपण अजून मागितलेलीच नाही.